सारेगमपचे एसेमेस: तुम्ही किती पाठवले होते आणि कुणाला?

चिंचेचा कोळ
परवा रात्री झोप लागेना म्हणून फोन उघडला आणि झी मराठीच्या २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची एक क्लिप समोर आली. एक बघितली, मग दुसरी, मग घड्याळात अडीच. पल्लवी जोशीचं निवेदन, परीक्षकांच्या खुर्च्यांत अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि कार्तिकीचं ‘घागर घेऊन’. सगळं अजून तोंडपाठ आहे, कुठे टाळ्या पडतात तेसुद्धा.

आम्ही तेव्हा चिपळूणला. मी पाचवीत. त्या पाच मुलांवरून आमचं घर सरळ फुटलं होतं. आजी कार्तिकी गायकवाडकडून, कारण ‘आळंदीची पोर आहे, शिकवून येत नाही ते’. आई आर्या आंबेकरकडून. बाबा अर्थातच प्रथमेश लघाटे. आरवली आमच्यापासून तासाभरावर, आणि एवढासा मुलगा नाट्यगीत म्हणतोय म्हटल्यावर बाबा पाघळायचेच. दादाला लातूरचा रोहित राऊत. मी मुग्धा वैशंपायन, कारण ती माझ्याहून लहान होती आणि तरी टीव्हीवर होती.

मोबाइल घरात एकच, बाबांचा नोकिया ११००. महाअंतिम फेरीच्या आठवड्यात बाबांनी जाहीर केलं की प्रत्येकाला दहा मतं, एक मेसेज तीन रुपयांना, त्यापुढे एक दमडी मिळणार नाही. मी शाळेच्या रफ वहीत मागच्या पानावर पाच रकाने आखले. दादा बटणं दाबायचा, ‘गेला’ म्हणायचा, मी रेघ ओढायचे. चार उभ्या, पाचवी आडवी. आजी शेजारी चिक्कीचा डबा घेऊन बसलेली. रात्री मी बाबांना पन्नास रेघांचा हिशोब दाखवला तेव्हा ते म्हणाले, आपल्या ग्रामपंचायतीत इतकं चोख काम होत नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. आजी सोडून सगळे दोन दिवस गप्प.

तर सांगा: तुम्ही कुणाला पाठवले होते, किती, आणि का? लिटिल चॅम्प्सच पाहिजे असं नाही, इंडियन आयडॉल वगैरेही चालेल.


रविवारची बस
एक. आर्याला. दुसरा टाइप करताना बाबांनी फोन काढून घेतला.


उंबरठा
शून्य. आमच्याकडे प्रीपेडमध्ये कायम चार रुपये असायचे आणि ते मिस्ड कॉलसाठी राखीव.
(जाता जाता, ग्रामपंचायतीचं वाक्य आवडलं.)


नाकासमोर
अभिजीत सावंतला ११. इंडियन आयडॉलचं पहिलं पर्व, २००५ चा मार्च. अमित साना समोर होता. आमच्या कॉलेजात माहीमच्या दोन मुली होत्या, त्या वर्गात येऊन प्रत्येकाचा फोन मागून घ्यायच्या. गाणं मी एकही ऐकलं नव्हतं. मुली ओळखीच्या व्हाव्यात एवढाच हेतू. झाल्या नाहीत.


टॉवरखालचा
त्या वर्षांत मी एका मोबाइल कंपनीत याच कामावर होतो, तेव्हा जरा आतलं सांगतो.

पाच आकडी नंबरावर मेसेज पाठवला की तो आधी तुमच्या कंपनीच्या यंत्रणेत यायचा. तिथून एका मधल्या कंपनीकडे जायचा. आम्ही तिला ॲग्रिगेटर म्हणायचो. तिथलं सॉफ्टवेअर अगदी बिनडोक असायचं. पहिला शब्द बघून कार्यक्रम ओळखायचं, दुसरा बघून गायक. मध्ये जागा सोडली नाही, नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की तो मेसेज कचऱ्यात. नेहमीच्या चुकांची आम्ही एक यादी करून ठेवायचो, पण लोकांची कल्पनाशक्ती यादीपेक्षा मोठी. एकाच मुलीच्या नावाची नऊ-नऊ स्पेलिंगं मी स्वतः बघितली आहेत.

पैसे मात्र मेसेज निघाल्याक्षणी कापले जात. स्पेलिंग चुकलं तरी. मुदत संपल्यावर पाठवला तरी. सणाच्या पॅकमधले फुकट मेसेज या नंबरांना चालत नसत, हे न वाचता पाठवणाऱ्यांच्या शिव्या ग्राहक सेवेच्या पोरींनी खाल्ल्या. त्या तीन रुपयांत फोन कंपनी, मधली कंपनी आणि वाहिनी असे तिघांचे वाटे. त्यामुळे एका नंबरावरून किती मतं द्यावीत याला फार घट्ट मर्यादा घालायची कुणालाच घाई नव्हती.

अंतिम फेरीच्या रात्री तर रांगच लागायची. तुम्ही नऊला पाठवलेला कधी कधी साडेदहाला पोचायचा.

मत पडलं की नाही हे कळायची एकच खूण होती. बरोबर गेला तर आभाराचा मेसेज उलट यायचा.


नाकासमोर
म्हणजे ज्याच्या खिशात जास्त त्याची मतं जास्त. याला निवडणूक कशाला म्हणायचं, लिलाव आहे हा.


टॉवरखालचा
लिलावात बोली सगळ्यांना ऐकू तरी येते.


खर्ज
मी गाणं शिकवते. या विषयावर दरवर्षी निदान चार आईबाप माझ्याशी वाद घालतात, म्हणून लिहितेच.

१९९५ मध्ये झी टीव्हीवर सारेगम सुरू झालं, सोनू निगम निवेदक होता, तेव्हा एसेमेसचा प्रश्नच नव्हता. नौशाद, खय्याम यांच्यासारखे लोक समोर बसून गुण देत. स्पर्धक हरला तर त्याला निदान कळायचं की कुठे हरला. तुझा गंधार उतरला, शब्द खाल्लास, लयीला मागे पडलास. लोकांची मतं आली आणि हे उत्तर गेलं. आज माझ्या मुलीला कमी मतं का पडली, याचं उत्तर परीक्षकाकडे नाही, माझ्याकडे नाही, तिच्याकडे तर नाहीच. मग ती काय सुधारणार? साडी?

पण परीक्षक म्हणजे शुद्ध तूप असंही समजू नका. मी छोट्या-मोठ्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. बावीस मुलं ऐकल्यावर तेविसाव्याने नुसतं स्वच्छ गायलं तरी रडू येतं. पहिल्या दोघांना मी हात राखून गुण देते, कारण पुढे कोण येणार हे माहीत नसतं. हे सगळे परीक्षक करतात, कबूल कुणी करत नाही.

टीव्हीचं गाणं ही आता वेगळीच चीज झाली आहे. मुखडा, एक अंतरा आणि शेवटी एक जागा अशी की श्रोत्याचा हात आपोआप टाळीला उठावा. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका कार्यक्रमात बऱ्यापैकी पुढे गेली होती. तिने यमन रागातलं एक जुनं भावगीत निवडलं, सुरुवातीला चाळीसेक सेकंदांचा आलाप. घरी आम्ही त्यातल्या एका निषादावर, म्हणजे एका ‘नी’वर, आठवडा घातला होता. प्रक्षेपणात आलाप अकरा सेकंदांचा उरला, आणि त्यातल्या सहा सेकंदांत तिची आई डोळे पुसताना दिसत होती. पुढच्या वेळी तिने दोन पट्ट्या वर चढवून एक लांब हाक असलेलं गाणं घेतलं. घसा लागला, सूर किंचित चढाच होता. मतं मिळाली. मी तिला काय सांगू, की चुकलीस?

त्या पाचांबद्दल एवढंच म्हणेन की पाचही जण सुरात होते. एवढ्या लहान वयात पाच जण एका वेळी सुरात सापडणं ही मुळात दुर्मीळ गोष्ट. पहिला कोण याला माझ्या लेखी फार अर्थ नाही.


रविवारची बस
‘मग ती काय सुधारणार? साडी?’ +१००


पाटावरवंटा
लिटिल चॅम्प्सचा निकाल गाण्यावर लागलाच नव्हता हो. आळंदीची म्हटल्यावर अख्ख्या वारकरी संप्रदायाने मतं टाकली. पुण्यामुंबईचे लोक नुसते चर्चा करत बसले आणि मतं फुटली.


उंबरठा
हे तुम्हाला कुठून कळलं?


पाटावरवंटा
सगळ्यांना माहीत आहे.


चिंचेचा कोळ
आमच्या शाळेत तेव्हा बरोबर उलटी बातमी होती. कोकणातून इतकी मतं गेलीत की प्रथमेशच येणार. अलिबागच्या मावशीकडे म्हणे मुग्धाची लाट होती. लातूरचं तर विचारूच नका.


टॉवरखालचा
पाटावरवंटा, राग मानू नका. तुमचं खरंही असेल. पण कुणाला किती मतं पडली, कुठून पडली, दुसऱ्यापेक्षा किती जास्त पडली, यातलं काय सांगितलं गेलं होतं प्रेक्षकांना? मोठा आकडा पडद्यावर झळकायचा तो सगळ्यांच्या एकत्र मतांचा, म्हणजे थोडक्यात गल्ल्याचा. जिथे आकडा नाही तिथे प्रत्येक जण आपल्या मनातला हिशोब लिहून मोकळा. वारकऱ्यांनी, कोकण्यांनी, सोसायटीवाल्यांनी. आणि तो हिशोब खोटा पाडता येत नाही, म्हणून सोळा-सतरा वर्षं तसाच टिकतो. त्या वयाच्या मुलीने गाऊन मिळवलेल्या गोष्टीवर आपण अजून ‘खरं तर’ लावतो आहोत, यात तिचा काय दोष?

आतल्या गोटातलं म्हणाल तर मोजणीत गडबड झालेली मी माझ्या डोळ्यांनी कधी पाहिली नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सगळं नीट मोजून मग ते कपाटात कशाला ठेवायचं?


नाकासमोर
कारण ३८ मतांनी हरलो कळलं तर लोक रस्त्यावर येतील.


हिल कार्ट रोड
रस्त्यावर न सांगताही येतात. मी बघितलंय.

बाबांची बँकेची बदली सिलिगुडीला झाली होती. २००७, इंडियन आयडॉलचं तिसरं पर्व. अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. तमांग कोलकाता पोलिसात शिपाई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका नेपाळी काकांचं पीसीओ होतं, त्यांनी काउंटरवर बिस्किटाच्या बरणीला भोक पाडून ठेवलं होतं. फोन करायला येणारा प्रत्येक जण सुटे त्यात टाकायचा आणि संध्याकाळी ते काका त्या पैशांची मतं टाकायचे. एका हाताने एकाच्या फोनची बिलं फाडतायत आणि दुसऱ्या हाताने रिडायल. मी गणित विचारायला त्यांच्याकडे जायचे, त्या महिन्यात एकही गणित सुटलं नाही.

तमांगच्या मतांसाठी दार्जिलिंगच्या पहाडात वर्गणी गोळा करणाऱ्यांत पुढे होते तिथले पुढारी बिमल गुरुंग. २३ सप्टेंबरला तमांग जिंकला. त्यानंतर दिल्लीच्या एका एफएम निवेदकाने नेपाळी लोक म्हणजे चौकीदार अशा अर्थाची थट्टा केली, त्यावरून सिलिगुडीत मोर्चा निघाला, दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. आम्ही दोन दिवस दारं लावून आत. आणि ऑक्टोबर उजाडला तेव्हा गुरुंगांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला. गाण्याच्या मतांसाठी जोडलेली माणसं स्वतंत्र राज्याच्या मागणीला आयती मिळाली. आधीचे गोरखा नेते सुभाष घिसिंग यांची पहाडावरची वीस वर्षांची सद्दी त्यात गेली.

तिकडे शिलाँगमध्ये नेमकं उलट. खासी आणि बंगाली यांच्यात पूर्वी बरंच झालेलं, पण अमित पॉल बंगाली असून खासी लोकांनी त्याच्यासाठी मतं गोळा केली.

तेव्हा ‘गाण्याला मत दिलं की गावाला’ असं कुणी विचारलं की मला त्या बरणीची आठवण येते. पीसीओवाल्या काकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, म्हणजे काय, तो आमचाच गातोय ना?


उंबरठा
हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या तोडीचा आहे. लिहा ना सविस्तर.


रोमातून बाहेर
आसामातही तसंच होतं. २००६ ला सारेगमप चॅलेंज जिंकलेला देबोजित साहा सिलचरचा. माझा रूममेट त्याच सिलचरकडच्या बराक खोऱ्यातला, तो आजही त्याचं पूर्ण नाव घेतो, नुसतं देबोजित म्हणत नाही.


माल्मोकर
आकडे न सांगण्यावरून. मी गेली बारा वर्षं स्वीडनमध्ये आहे आणि इथे युरोव्हिजन (देशादेशांतली गाण्याची स्पर्धा) म्हणजे गणपतीच. तिथे एक नियम फार आवडतो: आपल्या देशाला आपण मत द्यायचंच नाही. आणि निकाल लागल्यावर त्याच रात्री कुठल्या देशाच्या ज्यूरीने (परीक्षक मंडळाने) कुणाला किती गुण दिले आणि तिथल्या जनतेने किती, सगळा तक्ता खुला.

म्हणून भांडणं होत नाहीत असं नाही. उलट जास्त होतात, पण मुद्द्यावर होतात. १९९७ ला पाच देशांत फोनने मतदान सुरू झालं, पुढच्या वर्षापासून बहुतेक सगळीकडे. मग तक्त्यात दिसायला लागलं की शेजारी शेजाऱ्याला देतोय, आणि परदेशात राहणारे लोक मायदेशाला देतायत. म्हणून २००९ पासून अंतिम फेरीत निम्मं वजन पुन्हा ज्यूरीला. २०१६ पासून ज्यूरी आणि जनता यांचे गुण वेगवेगळे जाहीर. एका माणसाला वीस मतं देता यायची, त्यावरून २०२५ ला इतका गदारोळ झाला की २०२६ साठी ती दहावर आणली. तक्ता समोर होता म्हणून दुरुस्त्या झाल्या.

त्याहून मजेशीर इथली देशांतर्गत फेरी, युरोव्हिजनला कोण जाणार ते ठरवणारी. ॲपवरून फुकट मतदान. २०१९ पासून मतदारांचे वयाप्रमाणे गट: ३ ते ९, १० ते १५, १६ ते २९, ३० ते ४४, ४५ ते ५९, ६० ते ७४ आणि ७५ च्या पुढचे. फोनवरून येणारी मतं हा आठवा गट. प्रत्येक गटाच्या गुणांना सारखंच वजन. म्हणजे पोरं दिवसभर बटण दाबत बसली तरी पंच्याहत्तरीच्या आज्यांचं मत बुडत नाही. धागाकर्तीच्या आजीचा इथे स्वतंत्र गट असता.


चिंचेचा कोळ
आजीला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, मला कशाला स्वतंत्र गट, मी तुम्हा सगळ्यांना पुरून उरते.


नाकासमोर
अमेरिकेत तर कधी कधी आकडाही सांगितला आहे. अमेरिकन आयडॉलच्या २००३ च्या अंतिम फेरीत रूबन स्टडर्डने क्ले एकेनला हरवलं ते २.४ कोटी मतांत साधारण १ लाख ३४ हजारांनी. आणि २००९ ला क्रिस ॲलन जिंकला तेव्हा त्याच्या राज्यात, आर्कान्सामध्ये, प्रायोजक फोन कंपनीची माणसं अंतिम फेरीच्या पार्ट्यांना मेसेज पाठवायला फोन घेऊन गेली होती असं बाहेर आलं. आपल्या बरणीवाल्या काकांचेच भाऊ.


पाटावरवंटा
मुद्दा एवढाच की जिंकून काय होतं? अरिजित सिंग...


खर्ज
आला. अरिजित आला. मी पहिल्या पानापासून वाट बघत होते.
हो, २००५ ला ‘फेम गुरुकुल’ या गाण्याच्या स्पर्धेतून तो बाद झाला होता. म्हणून हरलेला प्रत्येक जण अरिजित होत नाही. माझ्याकडे हरलेल्यांची रांग आहे.


रोमातून बाहेर
पण त्या पाचांचं वेगळंच झालं. ‘पंचरत्न’ हे नाव पाचांना मिळून पडलं ते टिकलं, विजेती आणि बाकीचे अशी फारकत राहिलीच नाही. रोहित इंडियन आयडॉलच्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उतरला आणि २०२० ला उपविजेता झाला. २०२१ ला तर लिटिल चॅम्प्सच्या नव्या पर्वात हेच पाच जण परीक्षकांच्या जागेवर. आणि मुग्धा-प्रथमेशचं २०२३ ला लग्न झालं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जणू घरचं कार्य असल्यासारखे मेसेज. कुणाची मतं कुणाला गेली होती हे तेव्हा कुणीच काढलं नाही.


रविवारची बस
चिंचेचा कोळ, तुमच्या बाबांची आणि तुमची मतं शेवटी एकाच घरात गेली म्हणायची.
(दिवे घ्या, गंमत आहे)


चिंचेचा कोळ
सगळ्यांचे आभार, विशेषतः हिल कार्ट रोड यांचे.

आता एक नवीन भानगड. टॉवरखालचा यांनी आभाराच्या मेसेजचं लिहिलंय ते वाचून मला आठवेचना की आम्हाला असं काही उलट आलं होतं का. माझी वही २०२१ च्या पुरात गेली, तळमजल्यावरच्या बाकी सगळ्यासोबत. म्हणून आत्ता आईला फोन केला.

आई म्हणाली, आले होते की. त्या फोनमध्ये मेसेज मावायचे थोडे, सारखी मेमरी भरायची, बाबांच्या ऑफिसचे मेसेज अडायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच एकेक पुसत बसले होते. स्वयंपाक तसाच टाकून.

मी विचारलं, मुग्धाचे दहा आले होते ना?

आई गप्प. मग म्हणाली, अगं सगळे कार्तिकीचेच होते. आर्याचा एक नाही, प्रथमेशचा एक नाही. मला वाटलं ते लोक सगळ्यांना तोच पाठवत असतील.

टॉवरखालचा, असं व्हायचं का? म्हणजे मत मुग्धाला आणि आभार कार्तिकीच्या नावाने?


टॉवरखालचा
नाही. ज्या नावाने मत पडलं त्याच नावाने आभार. दुसरं शक्यच नाही.
बटणं कोण दाबत होतं म्हणालात?


उंबरठा
आणि चिक्कीचा डबा कुणाकडे होता?


चिंचेचा कोळ
दादाला तीन वेळा फोन लावला. उचलत नाहीये.